बोलाचं नाही, त लिवाचं काहून?

वर्ध्याहून आर्वीच्या रस्त्याला लागलं की आंजी येते. कागदोपत्री गावाचं नाव 'आंजी (मोठी)'. दाखल्यावर, सातबाऱ्यावर तो कंस येतोच. एसटीत तिकीट काढताना मात्र 'दोन आंजी द्या' म्हटलं की भागतं. 'मोठी' लिहायचं, बोलायचं नाही. म्हणजे शाळेत ज्याला 'सायलेंट' म्हणतात तो प्रकार इथल्या पोरांना जन्मापासून ठाऊक आहे, असं म्हणायला हरकत नाही. तरी तिसरी-चौथीच्या वर्गात 'नाईफ'चं स्पेलिंग फळ्यावर आलं आणि 'यातला के सायलेंट' असं सांगून झालं, की आमच्या भागातलं एखादं चुणचुणीत पोरगं विचारणारच : "मॅडम, बोलाचंच नाही, त लिवाचं काहून?"

या प्रश्नाला बहुतेक वर्गांत मिळणारं उत्तर एकच : पाठ कर. मलाही तेच मिळालं होतं. आमच्या वेळी इंग्रजी पाचवीपासून होतं. गाइडच्या मागच्या पानावर सायलेंट अक्षरांची यादी असायची आणि ती यादी आम्ही पाढ्यांसारखी घोकायचो. 'के' कधी गप्प बसतो ते सांगता यायचं, का बसतो ते विचारायची सोय नव्हती. डिक्टेशनला दहापैकी चार मिळाले की सहा छड्या, असा सरळ हिशेब होता. त्या सहा छड्यांमागे काय काय दडलेलं होतं आणि आता कोण काय म्हणतं, ते एकदा नीट मांडून पाहावं म्हणून हा लेख.

आपला जिल्हा या विषयात तसा नाव असलेला. २२ आणि २३ ऑक्टोबर १९३७ रोजी वर्ध्यात गांधीजींच्या अध्यक्षतेखाली शिक्षण परिषद भरली. तिच्यातून झाकीर हुसेन समिती नेमली गेली आणि पुढे जिला नई तालीम म्हणतात ती योजना उभी राहिली. सात वर्षांचं मोफत आणि सक्तीचं शिक्षण, माध्यम मातृभाषा, मध्यभागी हाताचा उद्योग. त्या सात वर्षांत इंग्रजीला जागा नव्हती. मुलांची उमेदीची वर्षं परक्या भाषेची घोकंपट्टी करण्यात जातात, हा गांधीजींचा जुना आक्षेप होता. त्यांच्या आत्मचरित्रात स्पेलिंगचा एक प्रसंग आहे, तो या संदर्भात आठवतोच. राजकोटच्या हायस्कुलात जाइल्स नावाचे इन्स्पेक्टर आले, त्यांनी पाच शब्द लिहायला सांगितले आणि त्यातला 'केटल' हा शब्द मोहनदासचा चुकला. मास्तरांनी बुटाच्या टोकानं खुणावलं, शेजाऱ्याच्या पाटीवर बघ म्हणून. त्यानं बघितलं नाही. बाकी सगळ्यांचे पाचही शब्द बरोबर आले. आपण ही गोष्ट प्रामाणिकपणाची म्हणून सांगतो, आणि ती आहेच. पण स्पेलिंग शिकवणाऱ्यानं त्या शब्दाकडेही बघावं. केटलमध्ये दोन टी आहेत, ऐकू एकच येतो. शेवटी ई आहे, तो ऐकूच येत नाही.

नई तालीम सेवाग्रामच्या बाहेर फारशी टिकली नाही. इंग्रजी मात्र खालीखाली उतरत गेलं आणि जून २००० पासून, रामकृष्ण मोरे शिक्षणमंत्री असताना, राज्यातल्या सगळ्या शाळांत पहिलीपासून सुरू झालं. त्या वेळी वाद झाला तो कोवळ्या मुलांवर दोन लिप्यांचा बोजा पडेल का, यावर. दुसरी लिपी कोणत्या रीतीनं वाचायला शिकवायची, हा प्रश्न त्या गदारोळात मागे पडला. २०२५ मध्ये पहिलीपासून हिंदीच्या निर्णयावरून राज्य तापलं आणि २९ जूनला सरकारला आदेश मागे घ्यावे लागले, तेव्हाही चर्चा कोणती भाषा आणि कितवीपासून एवढीच. शिकवायची कशी, हे विचारायला मोर्चे निघत नाहीत. परिणाम समोर आहे. 'असर' या शैक्षणिक पाहणीत २०२२ मध्ये देशभरच्या ग्रामीण भागातल्या पाचवीच्या मुलांपैकी २४.५ टक्के मुलांना साधी इंग्रजी वाक्यं वाचता आली, आठवीत ४६.७ टक्के. म्हणजे आठ वर्षं झाल्यावरही निम्म्याहून जास्त मुलं वाक्यापाशी अडलेली.

आता त्या पोराच्या प्रश्नाकडे. 'के' लिहायचा कारण तो एके काळी बोलला जायचा. जुन्या इंग्रजीत चाकू, गुडघा, जाणणं या शब्दांच्या आरंभीचा 'क्' स्पष्ट ऐकू यायचा. 'नाईट' म्हणजे सरदार हा शब्द साधारण 'क्निख्त' असा उच्चारला जायचा. तो क् सतराव्या शतकात जिभेवरून उतरला. पण विल्यम कॅक्स्टननं १४७६ मध्ये वेस्टमिन्स्टरला छापखाना घातला होता, स्पेलिंगं शिशात ओतली जाऊ लागली होती. उच्चार चालत राहिला, छपाई जागेवर थांबली. रात्र या अर्थाच्या 'नाईट'मधले आणि 'लाईट'मधले जी आणि एच हेही असेच. तिथे पूर्वी आपल्या ख्-च्या जवळचा घर्षणाचा आवाज होता. जर्मन माणूस आजही 'नाख्ट' म्हणतो.

आणि हा 'के' आपल्याला अगदी परका आहे असंही नाही. इंग्रजीतला 'नो', म्हणजे जाणणं, आणि संस्कृतातला 'ज्ञा' धातू एकाच मुळाचे. 'नी' म्हणजे गुडघा आणि 'जानु' हेही सख्खे. आजानुबाहूतला जानु तो हाच. इंग्रजानं पुढचा आवाज गिळला, अक्षर ठेवलं. आपण 'ज्ञ' ठेवला आणि त्याला 'द्न्य' म्हणतो, हिंदीवाले 'ग्य' म्हणतात, मूळ ज् आणि ञ् दोघांच्याही तोंडी नाही. चौथीतल्या मुलाला व्युत्पत्तिशास्त्र नको, हे खरं. पण 'तुझ्या ज्ञानातला ज्ञ आणि त्यांच्या नॉलेजमधला केएन चुलतभाऊ आहेत' एवढं एक वाक्य ऐकलेला मुलगा तो 'के' विसरत नाही.

सगळेच सायलेंट इतके सोज्ज्वळ नाहीत. काही पंडितांनी मागाहून घुसवले. कर्ज या अर्थाचा 'डेट' शब्द फ्रेंचांकडून आला तेव्हा त्यात बी नव्हता. पुढे लॅटिनची भक्ती वाढली, कुणाला 'डेबिटुम' आठवलं आणि बी लिहिला गेला. बोलला तो कधीच गेला नाही. 'डाउट'चंही तेच. 'आयलंड'मधला एस तर निव्वळ गैरसमजानं आला. त्या शब्दाचा लॅटिन 'इन्सुला'शी काही संबंध नाही, पण इन्सुलापासून आलेल्या 'आईल'शी तो जोडला गेला आणि एस चिकटला तो चिकटलाच. 'कुड'मधला एल 'वुड' आणि 'शुड'च्या देखादेखी आला. 'थम'च्या शेवटचा बी असाच उपरा. 'पाठ कर' म्हणणाऱ्या मास्तरांनी निदान हे सांगायला हवं होतं की आम्ही ज्या चुकांसाठी मार खात होतो त्यातल्या काही मुळात इंग्रज पंडितांच्या चुका होत्या.

मराठी वाचकाला याचं नवल वाटू नये. आपल्याकडेही न उच्चारलेली चिन्हं लिहिण्याची चाल होती आणि ती आपल्या हयातीतल्या माणसांनी पाहिलेली आहे. साठी-पासष्टीपूर्वीचं कोणतंही मराठी पुस्तक उघडा : 'नांव', 'कांहीं', 'पांच', 'घरें', 'कधीं'. ते अनुस्वार बोलण्यात नव्हते. का द्यायचे? तर पाच हा पंचपासून आला म्हणून, घरें हे अनेकवचन आहे म्हणून. डेटमधल्या बीच्या बाजूनं हाच युक्तिवाद करतात : उच्चार नसू दे, कूळ दिसायला हवं. त्या बिंदूंपायी किती पिढ्यांचे गुण गेले असतील! मग मराठी साहित्य महामंडळाचे चौदा नियम १९६२ मध्ये शासनानं मान्य केले आणि अनुच्चारित अनुस्वार गेले. १९७२ मध्ये आणखी चार नियम आले. आभाळ कोसळलं नाही. पाच अजून पाचच आहेत.

इंग्रजीला असं महामंडळ नाही. प्रयत्न झाले. अमेरिकेचे अध्यक्ष थिओडोर रूझवेल्ट यांनी १९०६ मध्ये तीनशे शब्दांची सोपी स्पेलिंगं सरकारी छपाईत वापरायचा हुकूम काढला, काँग्रेसनं तो हाणून पाडला. बर्नार्ड शॉ यांनी नव्या लिपीसाठी मृत्युपत्रात पैसे ठेवले. लिपी झाली, वापरणारे मिळाले नाहीत. जेम्स पिटमन यांची चव्वेचाळीस चिन्हांची बाळलिपी १९६१ पासून ब्रिटनच्या बऱ्याच शाळांत शिकवली गेली. तिच्यात एका आवाजाला एक चिन्ह, सायलेंट काही नाही. मुलं भराभर वाचू लागली आणि दोन वर्षांनी खऱ्या स्पेलिंगांशी गाठ पडल्यावर त्यातली पुष्कळ मुलं अडखळली. तो प्रयोग विरला.

म्हणजे स्पेलिंग बदलणार नाही, शिकवण्याची रीतच बदलायची. तिथे दोन पक्ष जुने आहेत. एक म्हणतो, अख्खा शब्द चित्रासारखा ओळखायला शिकवा. दुसरा म्हणतो, आवाज आणि अक्षरं यांची जोडी लावून द्या, म्हणजे फोनिक्स. रुडॉल्फ फ्लेश यांनी १९५५ मध्ये अमेरिकेत फोनिक्सच्या बाजूनं पुस्तक लिहून रान उठवलं. २००० मध्ये तिथल्या नॅशनल रीडिंग पॅनलनं पद्धतशीर फोनिक्सच्या बाजूनं कौल दिला, २००६ मध्ये इंग्लंडच्या रोझ समितीनं तोच दिला, आणि २०१२ पासून इंग्लंडात पहिल्या वर्षाच्या मुलांची चाळीस शब्दांची चाचणी होते. त्यातले वीस शब्द अर्थहीन असतात, पाठांतर पकडायला. शास्त्रीय बाजू आता बरीचशी फोनिक्सकडे झुकलेली आहे आणि माझंही मत तिकडेच आहे.

पण इंग्रजी ही फोनिक्सलाही दमवणारी भाषा आहे. फिलिप सिमोर आणि सहकाऱ्यांनी २००३ मध्ये युरोपातल्या तेरा भाषांतल्या मुलांची तुलना छापली. पहिल्या वर्षाअखेर बहुतेक देशांतली मुलं ओळखीचे शब्द जवळजवळ बिनचूक वाचत होती. स्कॉटलंडची इंग्रजी वाचणारी मुलं ३४ टक्के. आईची भाषा इंग्रजी असूनही ही गत. तेव्हा आंजीच्या शाळेतल्या मुलाला 'ढ' म्हणण्याआधी हा आकडा आठवावा. उलट बाजूही आहे. १९६६ मध्ये पॉल हॅना यांच्या गटानं सतरा हजारांवर इंग्रजी शब्द संगणकाला नियम देऊन तपासले. निम्म्या शब्दांची स्पेलिंगं नुसत्या नियमांवरून बरोबर आली आणि उरलेल्यांतल्या बऱ्याच शब्दांत चूक एकाच जागी होती. इंग्रजी स्पेलिंगला काही धरबंधच नाही, हा आपला आवडता समज त्यामुळे टिकत नाही.

इथे फोनिक्स आलं ते शहरातल्या इंग्रजी शाळांच्या आणि शिकवणी वर्गांच्या वाटेनं. बेचाळीस आवाजांचं जॉली फोनिक्स, त्याची गाणी, हातवारे, आणि फीही. जिल्हा परिषदेच्या शाळांत प्रशिक्षणांमधून आणि यूट्यूबवरून त्याचे तुकडे पोचले. तुकडेच. 'क्, ॲ, ट् : कॅट' इथपर्यंत गाडी झकास चालते, मग एकदम नाईफ आणि नाईट येतात आणि वर्ग परत गाइडच्या यादीवर. त्यात एक मोठी अडचण आहे, जिच्याबद्दल बाहेरून आलेली पुस्तकं बोलत नाहीत. इंग्लंडातलं मूल 'निट' हा शब्द आवाज जोडून वाचतं तेव्हा तो शब्द त्याच्या कानावर आधीच पडलेला असतो. वाचलं की अर्थ लागतो. आपल्या मुलानं बरोबर वाचलं तरी हाती नुसता आवाज लागतो. अर्थ नाही, म्हणून स्पेलिंग चिकटत नाही.

पण आपल्या मुलाकडे इंग्रजी शब्द खरंच नाहीत का? आंजीत दिवसाकाठी चारदा ऐकू येणारं वाक्य घ्या : लाईट गेली. या 'लाईट'मध्ये जीएच आहे. नाईट ड्युटी, टाईट, राईट, हायवे : तोच जीएच. हाफ तिकीट, हाफ पँट, चॉक, मॉर्निंग वॉक : सगळ्यांत एल गप्प. क्रिकेटचा तर पूर्ण धडा होतो. मॅच, कॅच, पिच यांत टी लिहायचा आहे आणि वेगळा ऐकू येत नाही. पुलावरच्या 'ब्रिज'मध्ये आणि कोर्टातल्या 'जज्ज'मध्ये डी तसाच. साईन, डिझाईन, फॉरेन यांत जी. हे सगळे शब्द ज्या पोरानं इंग्रजीचं पुस्तक उघडलेलं नाही त्याच्याही तोंडात आहेत, उच्चारासकट, अर्थासकट. फोनिक्सला जे लागतं ते भांडवल इथे पडून आहे आणि आपण त्याला 'मराठीत घुसलेलं इंग्रजी' म्हणून नाकं मुरडतो.

मला वाटतं, शिकवण्याची सुरुवात इथून व्हावी. 'लाईट' तोंडी म्हणायचा. किती आवाज? ल्, आई, ट् : तीन. तीन खडे मांडायचे. पहिल्या खड्याखाली एल, शेवटच्याखाली टी, आणि मधल्या एका खड्याखाली आय-जी-एच अशी तीन अक्षरं एकत्र. मुलाला दिसतं की तीन अक्षरं मिळून एक आवाज काढताहेत. कोणीच सायलेंट नाही, तिघांचा एकच संसार आहे. मग एल पुसून एन, एफ, आर, टी लावत जायचं : नाईट, फाईट, राईट, टाईट. एका बैठकीत पाच शब्द, पाठांतर शून्य. 'सायलेंट' हा शब्दच मला या कामासाठी बाद वाटतो. तो ऐकला की मुलाला वाटतं, हे अक्षर फुकटचं आहे, गाळलं तरी चालेल. आणि ते गाळतं. इंग्लंडच्या वर्गांतही आता 'केप'मधल्या ए आणि ई यांना एकाच आवाजाची फाकलेली जोडी म्हणून शिकवतात.

त्या शेवटच्या ई-वर थोडं थांबायला हवं, कारण तो मुलाला सगळ्यांत आधी आणि सगळ्यांत जास्त भेटतो. कॅपला ई लावला की केप, किटला लावला की काईट, हॉपला लावला की होप. स्वतः बोलत नाही, मागच्या स्वराचं नाव बदलून टाकतो. मराठी पोराला हे समजायला जड जाऊ नये, कारण त्याच्या लिपीत याची उलटी गंमत आहे. 'कापसाला' लिहिताना प पूर्ण लिहितो, म्हणताना 'काप्साला' म्हणतो. 'घर'मधला शेवटचा अ लिहिलेला आहे, बोललेला नाही. 'चमचा' म्हणतो 'चम्चा'. हे कुणी शिकवलं नाही, यादी दिली नाही. एवढंच एकदा फळ्यावर दाखवलं की इंग्रजीच एकटी लबाड, हा राग निवळतो. पण ई-ला 'मॅजिक' म्हणून सोडून दिलं की 'हॅव', 'गिव्ह', 'लव्ह' पुढे जादू फसते. तिथे ई आहे तो इंग्रजी शब्द व्हीवर संपत नाही म्हणून. 'आईस' आणि 'केज'मध्ये तो सी आणि जी यांना मऊ करतो. ही तीन कामं वेगवेगळ्या आठवड्यांत शिकवावीत, एका दिवशी नव्हे.

टीसीएचचंही कारण सांगता येतं. स्वर आखूड असला तर टीसीएच : मॅच, कॅच, पिच. लांब असला तर नुसता सीएच : टीच, बीच. 'रिच' आणि 'मच' हे नियम मोडणारे आहेत, ते सांगून टाकायचे, लपवायचे नाहीत. वरच्या वर्गात, सहावी-सातवीत, शब्दांची नाती उपयोगी पडतात. ऑक्सफर्डच्या तेरेझिन्हा नुनेस आणि पीटर ब्रायंट यांनी शब्दघटकांवरून स्पेलिंग शिकवण्यावर पुष्कळ काम केलं आहे. 'साईन'मधला गप्प जी 'सिग्नल'मध्ये बोलतो. 'डिझाईन'मधला 'डेझिग्नेशन'मध्ये. सिग्नल रेल्वेचा असतो, साईन अंगठ्याऐवजी करायची असते; दोन्ही मुलांच्या ओळखीच्या.

आणि काही गप्प अक्षरांना तर आपणच वाचा दिली आहे. इंग्रज 'बॉम' म्हणतो, आपण बॉम्ब. तो 'प्लमर' म्हणतो, आपला नळवाला प्लंबर. 'रिसीट'ला आपल्या दुकानांत सर्रास रिसिप्ट म्हणतात. शुद्ध उच्चारवाल्यांना हे खुपतं. माझा सल्ला उलट आहे : स्पेलिंगपुरतं प्लंबर म्हणू द्या. 'वेड-नेस-डे' असं मनात म्हणून बुधवारचं स्पेलिंग लिहिणारी माणसं आज साहेब होऊन बसली आहेत. वोडन या जुन्या देवाच्या वाराचा तो डी आपल्याकडे वेडामुळे टिकला, एवढंच.

क्रमाबद्दल एक गोष्ट ठासून सांगायला हवी. पहिली-दुसरीत केएन, डब्ल्यूआर, एमबी आणूच नयेत. सोनाली नाग यांनी कन्नड मुलांवर केलेल्या अभ्यासातून दिसतं की आपल्या अक्षरमालांवर पक्की पकड यायला मुलांना तिसरी-चौथी उजाडते. बाराखडी आणि जोडाक्षरं अजून पक्की नसताना दुसऱ्या लिपीतली अपवादांची यादी लादणं म्हणजे पेरणीआधी मळणी. फलटणला मॅक्सीन बर्नसन यांनी मराठी वाचन शिकवण्याची जी पद्धत बसवली तीत मोजकी अक्षरं घेऊन लगेच शब्द आणि वाक्यं वाचायला लावतात. इंग्रजीलाही तीच शिस्त लावायला हवी : थोडी अक्षरं, ओळखीचे शब्द, लगेच वाचन. नो आणि नो, अवर आणि अवर, राईट आणि राईट ही जोडगोळी चौथीनंतर यावी. तिथे गप्प अक्षराचा उपयोग मुलाला आपोआप कळतो. कानाला सारखे, डोळ्याला वेगळे. आंजीच्या कंसातली 'मोठी' तेच काम करते.

शिक्षकांना एकच विनंती. डिक्टेशनच्या वहीत लाईटचं स्पेलिंग एल-आय-टी-ई असं आलं तर लाल फुली मारण्याआधी मुलाला ते वाचायला लावा. तो 'लाईट' असंच वाचेल. तिन्ही आवाज त्यानं बरोबर ऐकलेत, शेवटचा ईसुद्धा नियमानं लावलाय. शेजारी आय-जी-एच लिहून दाखवा आणि अर्धा गुण द्या.